आठ वर्षांचा मुलगा अचानक असा का वागू लागला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. चार-पाच महिन्यांपासून चिडचिड, आदळआपट, धाकट्या बहिणीवर हात उचलणं सुरू आहे आणि अभ्यासाला बसवलं की रडारड होते. शाळेतून ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार आली आहे. आजी म्हणतात लाडाने शेफारला, वर्गशिक्षिका म्हणतात मोबाइल कमी करा, आणि नवऱ्याचं म्हणणं की तुम्ही नोकरीवर परत गेलात तेव्हापासून हे सुरू झालं. ‘यातलं खरं कारण कोणतं?’ असं तुम्ही विचारलं आहे.

खरं सांगायचं तर प्रश्न घरात ज्या पद्धतीने मांडला गेलाय, तिथेच मला अडचण दिसते. कारण शोधता शोधता घर आरोपी शोधायला लागतं आणि मग प्रत्येक जण आपल्याला आधीपासून जे खुपत होतं तेच कारण म्हणून पुढे करतो. मुलांच्या वागण्याबाबत ‘सुरुवात कशाने झाली’ आणि ‘आज ते कशामुळे टिकून आहे’ हे दोन वेगळे प्रश्न असतात. पहिल्याचं उत्तर अनेकदा सापडत नाही आणि सापडलं तरी त्याचं काही करता येत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा घरातच, रोजच्या दिनक्रमात दिसतं, आणि बदल तिथूनच करता येतो.

पण त्याआधी शरीर तपासून घ्या. पालक थेट मनावर येतात आणि हा टप्पा गाळतात, म्हणून तो आधी सांगतो. मुलगा रात्री घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, सकाळी उठवताना त्रास देतो का? टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) वाढलेल्या मुलांची झोप रात्रभर तुटत राहते. मोठ्या माणसाची झोप झाली नाही तर तो पेंगतो, लहान मूल मात्र उलट जास्त चळवळं आणि चिडखोर होतं. अशा मुलांना ‘अतिचंचल’ ठरवलं जाणं अगदी सहज घडतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते. तुमच्या मुलाला ती मिळते का, हे अंदाजाने सांगू नका. एक आठवडा झोपण्याची आणि उठण्याची वेळ लिहून ठेवा.

कान आणि डोळेही तपासून घ्या. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साठून राहिला तर ऐकू कमी येतं, आणि कधी येतं कधी नाही असं होतं, त्यामुळे ‘मुद्दाम ऐकत नाही’ असा समज होतो. रक्तातलं लोह कमी असेल तर थकवा, चिडचिड आणि लक्ष न लागणं या तिन्ही गोष्टी दिसू शकतात. फिट्सचा एक प्रकार असा असतो की मूल काही सेकंद एकटक बघत राहतं, बोलता बोलता मध्येच थांबतं आणि पुन्हा जणू काही झालंच नाही असं पुढे चालू ठेवतं. वर्गात याला ‘तंद्री लागते’ म्हणतात. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, पण शिक्षिकेला एकदा विचारा.

खाण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती पुढच्या मुद्द्यालाही लागू आहे. साखरेने मुलं उधळतात असं घरोघरी मानलं जातं. पण साखर आणि साखरेसारखी चव असलेला दुसरा पदार्थ, कोणाला काय दिलंय हे कळू न देता देऊन केलेल्या चाचण्यांमध्ये असा परिणाम दिसला नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या आयांना आपला मुलगा साखरेने बिथरतो असं वाटत होतं अशा आया आणि त्यांचे मुलगे निवडले होते. सगळ्या मुलांना साखरविरहित पेय दिलं, पण अर्ध्या आयांना ‘साखर दिली आहे’ असं सांगितलं. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. इतकंच नाही, तर त्या मुलांच्या जास्त जवळ राहिल्या आणि त्यांना जास्त टोकत राहिल्या. मुलांच्या पोटात सारखंच गेलं होतं, फरक फक्त आईच्या डोक्यात होता आणि तिथून तो तिच्या वागण्यात उतरला.

यावरून मुख्य मुद्द्याकडे येतो. पालकांचा मुलावर परिणाम होतो हे सगळ्यांना माहीत असतं. मुलाचाही पालकांवर तितकाच परिणाम होतो, हे मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. १९६८ साली रिचर्ड बेल या मानसशास्त्रज्ञाने हा प्रश्न नेमका उभा केला होता: कडक शिस्तीच्या घरात आक्रमक मुलं दिसतात, तर शिस्तीमुळे मुलं आक्रमक झाली की आक्रमक मुलांमुळे आईबाप कडक झाले? १९८६ साली हे थेट तपासलं गेलं. वर्तनाच्या गंभीर अडचणी असलेली मुलं आणि तशा अडचणी नसलेली मुलं, दोन्हींच्या आया घेतल्या आणि त्यांना स्वतःच्या मुलाबरोबर आणि दोन्ही गटांतल्या दुसऱ्यांच्या मुलांबरोबरही खेळायला आणि काम करायला बसवलं. त्रासदायक मुलांबरोबर बसल्यावर दोन्ही गटांतल्या आया जास्त हुकूम सोडू लागल्या, जास्त नकारात्मक बोलू लागल्या. एरवी शांत असलेल्या आयासुद्धा. लक्ष न लागण्याच्या आजारावर औषध सुरू झालेल्या मुलांबाबतही असंच दिसलं: मूल सांगितलेलं ऐकू लागलं, तशी आईची हुकूमत आपोआप कमी झाली.

म्हणून ‘आईने वळण लावलं नाही’ हे वाक्य मी ऐकून घेतो, पण नोंदवून घेत नाही.

प्रत्येक मूल जन्मतःच एक स्वभावाची ठेवण घेऊन येतं. थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने १९५६ पासून न्यू यॉर्कमधल्या मुलांचा बाळपणापासून अनेक वर्षं मागोवा घेतला. साधारण ४० टक्के मुलं ‘सोपी’ निघाली, सुमारे १५ टक्के नव्या गोष्टीला हळूहळू सरावणारी, १० टक्के ‘अवघड’ म्हणजे तीव्र प्रतिक्रिया देणारी आणि अनियमित झोप-भूक असणारी. उरलेली कोणत्याच गटात नीट बसली नाहीत. त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष असा की अवघड स्वभाव ही स्वतःत अडचण नसते. स्वभाव आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचं बरंच ठरतं. तुमचा मुलगा बाळ असताना कसा होता? नव्या माणसाकडे पटकन जायचा का? ठरलेला बेत बदलला तर बिथरायचा का? तो पहिल्यापासून बदल न सोसणारा असेल, तर तुमचं नोकरीवर परतणं हा त्याच्यासाठी दिनक्रमातला मोठा बदल होता. याचा अर्थ नोकरी चुकीची असा होत नाही. आईची नोकरी या एका गोष्टीने मुलं बिघडतात, याला संशोधनातून आधार मिळत नाही. शाळेतून आल्यावर घरी कोण असतं, ते माणूस सारखं बदलतं का, संध्याकाळी तुम्ही किती थकलेल्या असता, या गोष्टींनी फरक पडतो. त्यातल्या काही बदलता येतात.

आता रोजच्या त्या भांडणाकडे या, कारण माझ्या मते तुमच्या घरातली खरी गाठ तिथे आहे. तुम्ही अभ्यासाला बस म्हणता. तो ‘नंतर’ म्हणतो. तुम्ही पुन्हा सांगता, आवाज थोडा चढतो. तो वही फेकतो. तुम्ही ओरडता. तो रडतो, किंचाळतो, बहीण रडायला लागते. शेवटी वैतागून तुम्ही म्हणता, ‘जा, कर काय करायचं ते.’ घर शांत होतं. इथे दोघांनाही बक्षीस मिळालेलं असतं: त्याची अभ्यासातून सुटका झाली, तुमची किंचाळण्यातून. ज्या वागण्याने त्रास थांबतो ते वागणं पक्कं होतं, म्हणून पुढच्या वेळी तो थेट वही फेकण्यापासून सुरुवात करतो. आणि ज्या दिवशी तुम्ही फटका देता आणि तो गप्प होतो, त्या दिवशी तुमच्या हातालाही तोच धडा मिळतो. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत निरीक्षकांना बसवून, मिनिटामिनिटाच्या नोंदी घेऊन हे चक्र मांडलं. त्यात कोणी दुष्ट नसतं, कोणी मुद्दाम काही करत नसतं. दोघं एकमेकांना शिकवत असतात, एवढंच.

फटक्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. त्या क्षणी मूल गप्प होतं म्हणून मारणं ‘लागू पडतं’ असं वाटतं. पण आजवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा, खोटं बोलणं आणि चिंता जास्त आढळते. इथेही कारण आणि परिणाम दोन्ही दिशांनी चालतात, हे खरं. तरी बहिणीला मारलं म्हणून त्याला मारणं, यात तो काय शिकणार हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

तुमच्या प्रश्नात तुम्ही स्वतःबद्दल एकही वाक्य लिहिलेलं नाही. तुम्ही कशा आहात? झोप लागते का, रडू येतं का, कशातच रस वाटत नाही असं होतं का? विचारण्याचं कारण शिष्टाचार नाही. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आयांच्या मुलांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या आयांचं नैराश्य उपचारांनी ओसरलं, त्यांच्या मुलांच्या तक्रारी तीन महिन्यांत कमी झाल्या. ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांच्या वाढल्या. अभ्यासाचा भाग म्हणून त्या मुलांवर वेगळे उपचार केले नव्हते. वडिलांच्या मनःस्थितीचाही मुलांवर परिणाम होतो, त्याच्याकडे फक्त कमी लक्ष दिलं गेलंय. तेव्हा घरात कोणाचं मन खचलेलं असेल तर त्याचे उपचार हेही मुलाचेच उपचार आहेत.

नवरा-बायकोच्या वादांचंही तसंच. मुलांसमोर कधीच वाद घालू नये हा सल्ला अशक्य आहे आणि गरजेचाही नाही. वाद झाला, आणि तो मिटलेलाही मुलाने पाहिला, तर मूल बऱ्यापैकी सावरतं. न मिटणारा वाद, आठवडाभराचा अबोला, मुलाला ‘सांग बरं तुझ्या बाबांना’ असं मध्ये घालणं, किंवा वादाचा विषयच मूल असणं, हे जास्त टोचतं. सध्या तुमच्या घरात वादाचा विषय तोच आहे आणि तो हे ऐकत असणार. बंद दाराआड बोललेलं मुलांना ऐकू जात नाही, असं फक्त मोठ्यांना वाटतं.

शाळेबद्दल. ‘लक्ष देत नाही’ हे तक्रारीचं वाक्य आहे, त्याला निदान समजू नका. कोणत्या तासाला लक्ष देत नाही? सगळ्याच, की फक्त वाचनाच्या आणि लिहिण्याच्या? पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकतं, तिसरीच्या आसपास वाचून शिकावं लागतं. अक्षरं जुळवण्यात अडचण असलेली हुशार मुलं तोवर पाठांतरावर निभावतात आणि इथे येऊन अडकतात. ज्याला रोज पाच तास न जमणारी गोष्ट सगळ्यांसमोर करावी लागते, तो घरी येऊन वही फेकणारच. त्याला अनोळखी उतारा मोठ्याने वाचायला द्या आणि न टोकता ऐका. अंदाजाने शब्द ठोकतो का, ओळ चुकतो का, वाचल्यावर अर्थ सांगता येतो का, हे पाहा.

दुसरं, तो वर्गातला सगळ्यात लहान तर नाही? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या मुलांच्या नोंदींत असं आढळलं की, वर्गात वयाने सर्वांत लहान ठरणाऱ्या डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा अतिचंचलतेचं निदान ३० टक्के जास्त वेळा मिळालं होतं. मुलींमध्ये तर ७० टक्के. अकरा महिन्यांनी लहान असणं या वयात फार मोठं असतं, आणि लहानपणाला आजाराचं नाव मिळू शकतं.

तिसरं, कोणी छळतंय का? ‘तुला कोणी त्रास देतं का’ असं विचारलं की मुलं ‘नाही’ म्हणतात. ‘मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतोस, बसमध्ये शेजारी कोण बसतं, वर्गात कोणाला सगळे चिडवतात’ असं विचारा. शेजारी शेजारी चालताना किंवा गाडीतून जाताना, म्हणजे डोळ्याला डोळा न भिडवता विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं जास्त खरी मिळतात, असा माझा अनुभव आहे.

मोबाइल. शिक्षिकेचं बरोबर आहे, पण बहुधा त्यांना वाटतं त्या कारणाने नाही. स्क्रीनच्या एकूण तासांचा आणि मनःस्वास्थ्याचा संबंध अभ्यासांमध्ये दिसतो, पण तो लहान आहे, आणि चिडक्या मुलाच्या हाती थकलेले आईबाप जास्त वेळ मोबाइल देतात, हेही त्यात मिसळलेलं असतं. मी तासांपेक्षा दोन गोष्टी विचारतो: मोबाइलने काय हिसकावलं, आणि तो कधी दिला जातो? झोप, मैदानावरचं खेळणं आणि माणसांशी बोलणं यातलं काही हिसकावलं असेल तर नुकसान आहे. आणि रडणं थांबवायला मोबाइल मिळत असेल, तर वर सांगितलेल्या चक्रात आणखी एक बक्षीस जमा झालं. झोपण्याच्या खोलीतून मोबाइल बाहेर, झोपेआधी तासभर बंद, आणि हा नियम मोठ्यांनाही. बाकी तासांचा हिशोब नंतर बघू.

आजींच्या लाडांबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. लाडाने मुलं बिघडत नाहीत. एकाने ‘नाही’ म्हटलेलं दुसऱ्याने ‘हो’ केलं की मात्र हट्टाला भाव येतो. दोन-तीनच नियम ठरवा, पण ते आजींसकट सगळ्यांनी पाळायचे.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञ मायकल रटर यांचं जुनं काम सांगतो. इंग्लंडमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत त्यांनी कुटुंबांमधले धोक्याचे घटक मोजले: आईबापांतला तीव्र कलह, घरातली दाटी, आईचा मानसिक आजार वगैरे. एकच घटक असलेल्या मुलांना मानसिक त्रासाचा धोका जवळपास एकही घटक नसलेल्या मुलांएवढाच होता. दोन एकत्र आल्यावर तो साधारण चौपट झाला. म्हणजे ओझं साठत जाऊन जड होतं. याची दुसरी बाजू अशी की त्यातलं एखादं ओझं उतरवलं तरी बराच फरक पडू शकतो, आणि ते मूळ कारणच असावं लागत नाही. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली व्यसनं किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकीही साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, समाधानी प्रौढ झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे त्यांच्यावर माया करणारं, कायम टिकून राहिलेलं निदान एक मोठं माणूस. आई-वडीलच असं नाही. आजी, शिक्षक, शेजारीसुद्धा.

आता काय करायचं. दोन आठवडे फक्त नोंदी ठेवा: भडका किती वाजता उडाला, त्याच्या आधी काय झालं, नंतर त्याला काय मिळालं किंवा कशातून सुटका मिळाली. बहुतेक घरांत भडक्यांच्या ठरलेल्या वेळा निघतात. भूक, थकवा आणि अभ्यास एकत्र येत असेल तर अभ्यासाची वेळच बदला. रोज पंधरा मिनिटं दोघांपैकी एकाने फक्त त्याच्यासोबत बसायचं. खेळ त्याने निवडायचा. शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, मोबाइल जवळ नको. आणि ही पंधरा मिनिटं शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाहीत, ज्या दिवशी त्याने बहिणीला मारलं त्या दिवशीसुद्धा. सूचना एकदाच, जवळ जाऊन, शांत आवाजात द्या: ‘वही काढ.’ त्याने काढली तर लगेच, नेमक्या शब्दांत दाद द्या. ‘शहाणा माझा’पेक्षा ‘एकदा सांगितल्यावर वही काढलीस’ हे त्याला जास्त कळतं. बहिणीला मारणं सोडून बाकीच्या किरकोळ आदळआपटीकडे काही दिवस दुर्लक्ष करा. सुरुवातीला आदळआपट वाढेल. जुनं हत्यार चालेनासं झालं की मूल ते आणखी जोरात चालवून बघतं. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक घरं माघार घेतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा शाळा, घर आणि मित्र या तिन्ही ठिकाणी एकदम घसरण दिसली, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मुलांमधलं नैराश्य बऱ्याचदा उदास चेहऱ्याने न दिसता चिडचिड आणि पोटदुखीच्या रूपात दिसतं, हे लक्षात असू द्या. काही गोष्टींसाठी थांबायचं नाही: ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी भाषा, स्वतःला इजा करणं, प्राण्यांना क्रूरपणे वागवणं, आलेली कौशल्यं अचानक गमावणं (सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, बोलणं कमी होणं), एखाद्या विशिष्ट माणसाजवळ जायला घाबरणं, किंवा वयाला न शोभणारं लैंगिक वागणं. मरणाची भाषा आली तर थेट विचारा. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही.

तज्ज्ञांकडे जाताना नोंदवही, शाळेच्या दोन वर्षांच्या वह्या आणि प्रगतिपुस्तकं न्या. गेल्या वर्षभरात घरात जे जे बदललं त्याची यादी न्या, क्षुल्लक वाटलं तरी. मुलाला ‘डॉक्टर तुला सरळ करतील’ असं सांगून आणू नका. ‘आपल्या घरात भांडणं फार व्हायला लागली आहेत, ती कमी करायला मदत घेतोय’ एवढं पुरे. आणि पहिल्या भेटीला तुम्ही दोघंही जा. आईने सांगितलेली हकीकत आणि वडिलांनी सांगितलेली हकीकत बहुतेक वेळा जुळत नाही, आणि आम्हाला दोन्ही लागतात.